कोट, टाय आणि उघडे गुडघे

सकाळचे पावणेनऊ. हॅमिल्टन नावाच्या शहरात, समुद्राकाठच्या फ्रंट स्ट्रीटवरून एक साहेब लगबगीने ऑफिसला निघालेत. आपण त्यांना वरून खाली बघत येऊ. केस चापूनचोपून बसवलेले. पांढराशुभ्र शर्ट, गळ्याशी नीट गाठ मारलेला टाय. त्यावर गडद निळा कोट, पितळी बटणांचा. हातात बॅग. इथवर सगळं ठीक, कुठल्याही बँकेत असा साहेब भेटेल. आता आणखी खाली या. कोट संपतो आणि सुरू होते चक्क गुलाबी हाफ पँट! मग दोन गुडघे, अगदी उघडे. मग गुडघ्यापर्यंत ताणून चढवलेले निळे मोजे आणि शेवटी चकचकीत पॉलिश केलेले बूट.

साहेब घाईघाईत फुल पँट घालायला विसरले की काय? छे! रस्त्यावर कोणी वळूनसुद्धा बघत नाही. ऑफिसात पोचल्यावर हेच साहेब मीटिंगला बसतील, कोट्यवधी डॉलरच्या कागदांवर सह्या करतील, आणि टेबलाच्या पलीकडे बसलेल्या दुसऱ्या साहेबांचेही गुडघे उघडेच असतील.

हे शहर आहे बर्म्युडा बेटांवरचं. नकाशा काढा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे १,००० किलोमीटर आत, अटलांटिक महासागरात एक ठिपका शोधा. सापडेलच असं नाही, कारण सगळी बेटं मिळून जागा जेमतेम ५४ चौरस किलोमीटर. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची जुनी मुंबईसुद्धा त्याहून मोठी भरते. वस्ती ६४ हजारांच्या आसपास. जहाजं गायब करणाऱ्या त्या त्रिकोणाच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. त्या आज बाजूला ठेवू. मला तरी त्या ह्या गुडघ्यांपुढे फिक्या वाटतात.

एवढ्याशा बेटावर एवढे कोट-टायवाले कुठून आले? तर जगातल्या मोठमोठ्या विमा कंपन्यांचाही विमा उतरवावा लागतो, आणि तो उतरवणाऱ्या कितीतरी कंपन्यांची ऑफिसं बर्म्युडात आहेत. म्हणजे काम गंभीर, हिशेबाचं. चुकून हसण्यावारी न्यावं असं अजिबात नाही.

आता हवेकडे वळू. अक्षांशाच्या हिशेबाने बर्म्युडा आपल्या अमृतसर-जम्मूच्या रांगेत बसतं. पण बेटं आणि अमेरिका यांच्या मधून ‘गल्फ स्ट्रीम’ हा कोमट पाण्याचा प्रवाह वाहतो, त्यामुळे तिथे कडाक्याची थंडी कधी पडतच नाही. भर उन्हाळ्यात दुपारी पारा ३० अंशांच्या आसपास. ‘एवढंच?’ असं जळगावचा मुलगा म्हणेल. पण मालवणची मुलगी मान डोलावेल, कारण तिला ठाऊक आहे की दमट हवेतले ३० अंश म्हणजे काय. अंग पुसावं आणि पुन्हा चिकचिक व्हावं, असा तो उकाडा.

ह्या हाफ पँटचे नियम ऐकण्यासारखे आहेत. आपण घरी जिला बर्मुडा म्हणतो, ती ढगळ, नाडीची, फुलाफुलांची चड्डी तिथल्या ऑफिसच्या दारातून आत जाणार नाही. ऑफिसची हाफ पँट शिंप्याने मापाने शिवलेली हवी, पट्टा लावायची सोय हवी, इस्त्रीची धार कडक हवी. लांबी तर सगळ्यांत महत्त्वाची. गुडघ्याच्या वर जास्तीत जास्त तीन इंच, म्हणजे साधारण साडेसात सेंटिमीटर. त्याहून आखूड झाली की साहेब ऑफिसला नाही, पोहायला निघाले! मोजे गुडघ्याच्या जरा खालपर्यंत, वरची कड व्यवस्थित दुमडलेली. मोजा घसरून घोट्यावर गोळा झाला की सगळा रुबाब उतरला म्हणून समजा. रंग मात्र हवा तो घ्या: लिंबाचा पिवळा, पोपटी, आकाशी, लाल. गुलाबी सर्वांचा लाडका. तिथल्या काही किनाऱ्यांवरची वाळूसुद्धा गुलाबी आहे बरं का! प्रवाळांवर राहणाऱ्या एका चिमुकल्या एकपेशीय जिवाची कवचं लाल असतात. त्यांचा चुरा पांढऱ्या वाळूत मिसळतो आणि किनारा गुलाबी दिसतो.

मोसमही ठरलेला. मे महिन्याच्या अखेरीला तिथे ‘बर्म्युडा डे’ची सुट्टी असते. जुना रिवाज असा, की वर्षातली पहिली समुद्रातली डुबकी त्या दिवशी मारायची आणि ऑफिसच्या हाफ पँटाही तेव्हापासून कपाटाबाहेर काढायच्या. आता हा रिवाज पूर्वीइतका कडक राहिलेला नाही.

हे सुरू कुठून झालं? मूळ आहे ब्रिटिश फौजेत. इंग्लंडच्या थंडीत वाढलेल्या सैनिकांना आफ्रिकेत, भारतात, वाळवंटात धाडलं की लोकरी विजारींनी त्यांचे हाल व्हायचे. म्हणून उष्ण मुलखासाठी खाकी सुती हाफ पँट आली. तिचा एक नमुना तर आपल्या मुंबईच्या नावाने ओळखला जायचा, ‘बॉम्बे ब्लूमर्स’. हा नमुना पाहायला गबाळा, पण डोकं लावून बेतलेला. दिवसा पायाचं कापड वर दुमडून बटणं लावायची, झाली हाफ पँट. संध्याकाळी बटणं सोडून तेच कापड खाली ओढायचं आणि मोज्यात खोचायचं, झाली फुल पँट. कशासाठी? डासांसाठी! मलेरिया झाला तर सैनिक लढाईआधीच गारद. शिपाई त्या पँटची टर उडवायचे, त्यात नवल नाही.

बर्म्युडातही ब्रिटिश आरमाराचा तळ होता, तेव्हा फौजी हाफ पँटा लोकांच्या नजरेसमोर होत्याच. तिथे एक गोष्ट सांगतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात एक चहाचं दुकान होतं, तिथली पोरं गरम चुलीपाशी घामाघूम होत कुरकुर करायची. मालकाने नवे गणवेश शिवण्याचा खर्च वाचवला आणि सरळ जुन्या पँटा गुडघ्यापाशी कापून टाकल्या! गोष्ट छान आहे. खरी किती आणि तिखटमीठ किती, हे तुम्हीच ठरवा.

बँकांचं मात्र पक्कं. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली. बेटावर सगळं बाहेरून येणार, आणि जहाजं तर युद्धात गुंतलेली. तेव्हा बर्म्युडात दोन बँका होत्या. आपल्या कारकुनांना घालायला धड कपडे उरणार नाहीत, ही चिंता त्यांच्या मोठ्या साहेबांना पडली. त्यांनी एका शिंप्याला गाठून प्रत्येक पुरुष कर्मचाऱ्यासाठी दोन-दोन हाफ पँटा शिवून घेतल्या, फौजी नमुन्याच्या. सोबत राखाडी रंगाचे लांब लोकरी मोजे. एकदा बँकेच्या काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसाने हाफ पँट घातली, की तिला हसणार कोण? आपले पैसे त्याच्याच हातात असतात! युद्ध संपलं, कापड मिळू लागलं, पण हाफ पँट राहिली.

आपल्याकडे हिशेब उलटा. कितीतरी शाळांत सातवीपर्यंत हाफ पँट आणि आठवीपासून फुल पँट. जूनमध्ये नवी फुल पँट घालून वर्गात शिरणाऱ्या मुलाची चाल बघा कधी. एकदम मोठा माणूस! हाफ पँट म्हणजे लहानपणाचा शिक्का, असं आपण धरून चाललोय. पण आजोबांना विचारा, पूर्वी मुंबईचे हवालदार निळ्या हाफ पँटमध्येच ड्युटी करायचे. दादा कोंडके यांच्या ‘पांडू हवालदार’ ह्या १९७५ सालच्या चित्रपटात तो गणवेश दिसेल. त्या हवालदाराला ‘ए बाळा’ म्हणायची कोणाची छाती नव्हती.

आता कामाचा प्रश्न. हाफ पँट घातली की खरंच गार वाटतं का, आणि का?

तुम्ही गप्प बसून हा लेख वाचताय, तरी तुमच्या शरीरात उष्णता तयार होतेच आहे. शांत बसलेल्या मोठ्या माणसाच्या शरीरातून साधारण १०० वॉट उष्णता सतत बाहेर पडत असते. ती बाहेर पडलीच नाही तर ताप चढल्यासारखं होईल. बाहेर पडायला वाटा दोन. एक, कातडी हवेपेक्षा गरम असेल तर उष्णता आपोआप हवेत जाते. आपल्या कातडीचं तापमान ३३-३४ अंश असतं. बर्म्युडातली हवा ३० अंश, शिवाय समुद्राचा वारा. म्हणजे उघड्या कातडीवरून उष्णता निघून जाते.

दुसरी वाट घामाची. एक ग्रॅम पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत तापवायला १०० कॅलरी लागतात. पण कातडीवरचा एक ग्रॅम घाम वाळताना तुमच्याकडून सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो! पाचपटीहून जास्त. आत्ताच करून बघा: मनगटाच्या मागे पाण्याचं बोट लावा आणि हळूच फुंकर मारा. लागलं ना गार? आता दुसऱ्या कोरड्या मनगटावर फुंकर मारा. फरक कळेल.

आपलं शरीर ह्या बाबतीत अगदी माठ. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, वाळतं आणि आतलं पाणी गार होतं. पण जुलैत मुंबईत माठाचं पाणी कसं लागतं? कोमट! कारण हवेत आधीच इतकी वाफ असते, की माठावरचं पाणी वाळतच नाही. आपल्या घामाचंही तसंच. दमट हवेत घाम येतो भरपूर, पण वाळत नाही, नुसता ओघळतो. ओघळून शर्टात मुरलेल्या घामाचा गारव्याला काही उपयोग नाही. अशा हवेत घामाला वारा लागणं फार महत्त्वाचं. कपडा आखूड, सैल, खालून उघडा असला की वारा आत शिरतो.

मग विदर्भात मे महिन्यात लोक हाफ पँट का घालत नाहीत? उलट डोकं, कान, तोंड दुपट्ट्याने गच्च बांधून फिरतात. कारण चंद्रपूरला हवा जेव्हा ४५ अंश असते, तेव्हा ती आपल्या कातडीपेक्षा गरम असते. मग उष्णता उलटी वाहते, हवेतून आपल्यात! वर ऊन भाजतंच. तिथे उघडं अंग म्हणजे तोटा. हवा कोरडी असल्यामुळे घाम कपड्याखालीही झटकन वाळतो, म्हणून अंग झाकण्यात शहाणपण. कोकणात याच्या उलट. कोळी बांधवांचा पूर्वापार पोशाख बघा: कमरेला रुमाल, पाय उघडे. दोन्ही ठिकाणी लोकांनी भौतिकशास्त्राचं पुस्तक न उघडता अचूक उत्तर काढलं.

वाळवंटातल्या बेदुइन लोकांचं तर आणखी नवल. ते पायघोळ, सैल झगे घालतात, आणि त्यांतले काही चक्क काळे. काळा रंग ऊन जास्त शोषतो, हे तुम्ही शिकलात. मग काळा झगा घालणारा भाजून निघत नाही का? १९८० साली शास्त्रज्ञांनी वाळवंटात उभं राहून मोजमाप केलं. कातडीपर्यंत पोचणारी उष्णता काळ्या झग्यात आणि पांढऱ्या झग्यात सारखीच निघाली. काळं कापड जास्त तापतं खरं, पण ती जास्तीची उष्णता झग्याच्या आत खेळणारी हवा बाहेर घेऊन जाते. सैलपणाची करामत!

आता परत आपल्या साहेबांकडे, कारण मला एक शंका आली आहे. भाजलेल्या रुग्णाची किती कातडी जळाली याचा अंदाज घेण्यासाठी डॉक्टर एक झटपट हिशेब वापरतात. त्यात दोन्ही पाय मिळून अंगाची ३६ टक्के कातडी धरतात. म्हणजे पाय उघडे ठेवले तर मोठीच सोय. पण साहेबांचे पाय उघडे आहेत कुठे? मांडी पँटमध्ये, पोटरी मोज्यात. उघडा आहे तो फक्त गुडघा! मग हा सगळा खटाटोप गुडघ्याला वारा लागावा म्हणून?

हे मोजायची सोय आहे. कपड्याची ऊब मोजायचं एक एकक आहे, ‘क्लो’. १९४१ साली ते ठरलं. २१ अंशांच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला ना थंडी ना उकाडा असं वाटायला जेवढे कपडे लागतात, त्यांची ऊब १ क्लो. कोट-पँटचा पुरा सूट साधारण तेवढाच भरतो. प्रयोगशाळेत माणसाएवढा पुतळा आतून विजेने कातडीइतका गरम ठेवतात, त्याला कपडे चढवतात आणि त्याला गरम ठेवायला किती वीज लागली ते मोजतात. अशा मोजण्यांवरून वातानुकूलन अभियंत्यांनी तक्तेच तयार केले आहेत. त्यांतले आकडे घ्या आणि हिशेब करा.

पातळ फुल पँट ०.१५ क्लो. पोटरीपर्यंतचे साधे मोजे ०.०३. बेरीज ०.१८. आता बर्म्युडावाले साहेब: गुडघ्यापर्यंतची हाफ पँट ०.०८, गुडघ्यापर्यंतचे जाड मोजे ०.०६. बेरीज ०.१४. किती वाचले? फक्त ०.०४! आणि त्यांनी वर चढवलेला कोट, अगदी पातळ कापडाचा धरला तरी, ०.३६ क्लो. पँट कापून जेवढं वाचलं, त्याच्या नऊपट ऊब एकट्या कोटात. साहेब, कोट काढा की!

जरा थांबा, त्यांचीही बाजू ऐकू. हे आकडे स्तब्ध उभ्या पुतळ्याचे आहेत. चालताना सैल कपडा हलतो, प्रत्येक पावलाला आतली गरम हवा बाहेर ढकलतो आणि ताजी आत ओढतो. खालून रुंद उघड्या हाफ पँटमध्ये हे जास्त सहज होतं. तेव्हा चालणाऱ्या साहेबांचा फायदा तक्त्यापेक्षा थोडा जास्त असणार. तरी माझं मत ठाम आहे: उकाड्याचा खरा गुन्हेगार कोट आहे, आणि शिक्षा झाली बिचाऱ्या पँटला.

जपानने बरोबर गुन्हेगार पकडला. २००५ साली तिथल्या सरकारने ‘कूल बिझ’ मोहीम काढली. उन्हाळ्यात ऑफिसातलं एसी २८ अंशांवर ठेवा आणि कोट-टाय घरी ठेवा! मंत्रीसुद्धा मोकळ्या गळ्याने फिरू लागले. वीज वाचली ती वेगळीच. तक्त्यानुसार जपानी साहेब हुशार, पण गंमत म्हणाल तर बर्म्युडावालेच जिंकतात. ऑस्ट्रेलियातही एकदा अशी मजा झाली. २२ नोव्हेंबर १९७२ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याचे प्रमुख डॉन डन्स्टन गुलाबी हाफ पँट घालून ॲडलेडच्या विधिमंडळात दाखल झाले. वर टी-शर्ट, खाली लांब पांढरे मोजे. कोट नाही! छायाचित्रकारांची दिवाळी झाली. आजही ते राज्य त्यांच्या कामाइतकीच त्यांची पँट लक्षात ठेवून आहे.

बर्म्युडाला तर आता आपल्या हाफ पँटचा एवढा अभिमान, की ऑलिंपिकच्या संचलनात त्यांचे खेळाडू लाल हाफ पँट घालून येतात. उन्हाळी ऑलिंपिकला ठीक आहे हो. पण टकर मर्फी हा त्यांचा बर्फावरून स्कीइंग करणारा खेळाडू २०१८ साली दक्षिण कोरियातल्या हिवाळी ऑलिंपिकला गेला, तेव्हा उद्घाटनाच्या रात्री पारा शून्याच्या खाली होता. सगळे देश जाडजूड जॅकेटांत गुरफटलेले, आणि हा पठ्ठ्या झेंडा घेऊन लाल हाफ पँटमध्ये हसत चाललेला! तिथे कातडी आणि हवा यांच्या तापमानात पस्तीसेक अंशांचा फरक. त्या रात्री त्याच्या गुडघ्यांना वारा नको इतका मिळाला असणार.

आता तुमचं काम. अर्ध्या बाह्यांचा शर्ट ०.१९ क्लो, पूर्ण बाह्यांचा ०.२५, पातळ स्कर्ट ०.१४, बूट ०.०२. पँट आणि मोज्यांचे आकडे वर दिलेच आहेत. तुमच्या गणवेशाची बेरीज करा. पीटीच्या दिवशीच्या कपड्यांची वेगळी करा. वर्गात कोणाचा आकडा सर्वांत मोठा येतो, आणि मे महिन्यात सर्वांत जास्त कुरकुर तोच करतो का, हेही बघा. आजीच्या साडीचा आकडा मात्र एक नाहीच. तापवलेल्या पुतळ्याला साडी नेसवून शास्त्रज्ञांनी तोही प्रयोग केलाय, आणि साडी तीच असली तरी नेसण्याच्या पद्धतीप्रमाणे आकडा बदलतो असं त्यांना आढळलं. उकाड्यात आजी पदर कसा घेते आणि डिसेंबरच्या सकाळी कसा, ते आठवडाभर बघा आणि चित्र काढून आम्हाला पाठवा.